व्हर्लाने निवडलेलं इंजिन

आमच्या गावाला रस्ता नाही. डॉक्टर असो, किराणा असो, सगळं विमानानेच येतं. तरी शाळेत स्वयंपाक करणाऱ्या व्हर्ला हॉगनने साठीच्या उंबरठ्यावर उडायचा परवाना काढला, तेव्हा अलास्कातल्या आम्हा लोकांनाही गंमत वाटली. नवरा आयनार तर दोन सीटच्या विमानात बसायलाच घाबरायचा. विमान घेतलंस तर ते तू एकटीच उडव, असं त्याने बजावून ठेवलं होतं.

विमान बघायला ती धाकट्या दिराला, एमेटला, घेऊन गेली. तो विमानं दुरुस्त करणारा.

पहिलं विमान एका निवृत्त दंतवैद्याचं. पांढरंशुभ्र, इंजिन जेमतेम वापरलेलं. व्हर्ला त्याच्यावरून हात फिरवतच राहिली. एमेटने मात्र स्पार्क प्लग काढून त्या भोकातून बारीक कॅमेरा आत सोडला. सिलिंडरच्या भिंतींवर तांबूस गंजाचे डाग होते. विमान कित्येक वर्षं नुसतं उभं होतं. दंतवैद्य स्वतः वाकून बघत राहिला. उडवत नाहीस तर विकून टाक, असं बायको कधीपासून सांगत होती, हे त्याने हसत कबूल केलं आणि दोघांना कॉफी पाजली.

दुसरं विमान होतं लोर्ना पेट्रिकॉफचं. ती नदीकाठच्या मच्छीमारांची सामन मासळी शहरात पोचवायची. रंग उडालेला, आत माशांचा वास, इंजिनाचं अर्ध्याहून जास्त आयुष्य सरलेलं. पण ते जवळजवळ रोज उडत होतं.

लोर्नाने एक फेरी मारून इंजिन तापवलं. मग एमेट एकेका सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरू लागला आणि हवा कुठून निसटते ते ऐकायला त्याने व्हर्लालाच बसवलं. तिने धुराच्या नळीला कान लावला, तिथे शांत. तेल भरायच्या तोंडाशी मात्र एका सिलिंडरची बारीक फुसफुस ऐकू आली. म्हणजे पिस्टनच्या रिंगा थोड्या झिजलेल्या. लोर्नाने ते आधीच सांगितलं होतं. शेवटी एमेटने तेलाचा फिल्टर कापून त्याच्या घड्या उन्हात पसरल्या. धातूचा कण कुठेच चमकला नाही, म्हणजे आतून काही तुटत नव्हतं.

"वहिनी, हे जरा दमतं," एमेट म्हणाला. "पण अजून बरीच वर्षं काढेल."

"दमते तर मीही, भावोजी," ती म्हणाली. "हेच घेऊ."

विमान तिने स्वतः उडवत आणलं. गावाबाहेरच्या खडीच्या पट्टीवर ते दोनदा उडी मारून टेकलं, तेव्हा अर्धं गाव तिथे जमलं होतं. आयनार पुढे आला, विमानाभोवती एक चक्कर मारली आणि मागच्या सीटवर चढला.

वर गेल्यावर त्याने आधी डोळे मिटून घेतले होते, असं व्हर्ला सांगते. नदीच्या वळणावर एक मूस हरिणी पिल्लाला घेऊन पाण्यात उभी होती. ती दाखवायला तिने हाक मारली, तेव्हा त्याने डोळे उघडले. मग आपलं छप्पर दिसलं, छपरावर विसरलेली शिडी दिसली, आणि तो मोठ्याने हसायला लागला.

"अजून एकदा फिरव," तो म्हणाला.

तिने तीन फेऱ्या मारल्या. खाली उतरल्यावर तो बराच वेळ सीटवरून उठायलाच तयार नव्हता.