आधी मशीन, मग बाकीचं

प्रिंटर हाताच्या अंतरावर होता. त्याचा हिरवा दिवा लागलेला होता, पोटात कागद भरलेला होता, आणि माझ्या लॅपटॉपच्या पडद्यावर अक्षरं होती: प्रिंटर सापडत नाही. हे मी बहुतेक रोज सकाळी वाचायची. कधीकधी मोठ्यानं म्हणायचीसुद्धा, "अगं बाई, तो बघ ना समोर!" दुकानात आलेलं गिऱ्हाईक मग माझ्याकडे जरा जपूनच बघायचं.

आमचं दुकान रिसोडला, एसटी स्टँडच्या मागच्या रस्त्यावर. लग्नपत्रिका, तेरवीची कार्डं, बिलबुकं, दुकानांच्या उद्घाटनाची पत्रकं, असं जे पडेल ते काम. वडिलांनी ते सुरू केलं तेव्हा पायानं चालवायचं छपाईयंत्र होतं, आणि अक्षरांचे शिशाचे खिळे ते स्वतः जुळवायचे. ते यंत्र भंगारात गेलं, त्याच्या जागी दुसरं आलं, मग तिसरं, आणि शेवटी हा करडा प्रिंटर. पण वडिलांच्या तोंडात 'मशीन' म्हणजे ती एकच जागा. कॉम्प्युटर म्हणजे कंप्युटर, राऊटर म्हणजे डबी, आणि माझा लॅपटॉप म्हणजे 'तुयं ते'.

मी पुण्यात काही वर्षं मासिकांची पानं लावली. ते ऑफिस बंद झालं तेव्हा लॅपटॉप पाठीवर टाकून मी परत आले. दुकानात बसते म्हणाले. आमचा चुलतभाऊ वडिलांच्या हाताखाली दुकानातला विंडोजचा कॉम्प्युटर चालवायचा, पण त्याचा जीव मोबाइल दुरुस्तीत होता, आणि त्यासाठी त्याला हीच जागा हवी होती. वडिलांचे गुडघे दुखायला लागले होते, शेताचंही त्यांनाच बघावं लागत होतं. शेवटी ते म्हणाले, "दिवाळीपर्यंत पाहू. तुयाच्यानं काम निघत असंल तं मशीन तुयं. नाई तं दिवाळीनंतर जागा त्याले देऊन टाकतो. माह्याच्यानं आता होत नाई."

म्हणजे परीक्षा होती. आणि परीक्षेला बसल्यावर कळलं की माझी पाटी आणि यांची पेन्सिल एकमेकींना ओळखतच नाहीत.

माझ्या लॅपटॉपवर लिनक्स. लॅपटॉप जुना झाला होता, त्याला विंडोज झेपेना, म्हणून त्याच्या जागी मी हे फुकट मिळणारं लिनक्स घातलं होतं आणि त्याचं मला कौतुकही होतं. दुकानातल्या कॉम्प्युटरला प्रिंटर थेट वायरनं जोडलेला, त्यामुळे त्याचं कधी काही अडायचं नाही. मला मात्र राऊटरमधून, हवेतून जावं लागायचं. म्हटलं, त्या कॉम्प्युटरवरून प्रिंटर शेअर करून घेऊ. घेतला. तो पासवर्ड मागायला लागला. त्या कॉम्प्युटरला पासवर्डच नव्हता, तर देऊ काय? चुलतभावाला एक पासवर्ड टाकायला लावला, तर तो दुसऱ्या दिवशी विसरला आणि अर्धा दिवस आम्ही दोघं कुलूपबंद पडद्यासमोर बसलो. एक सामायिक फोल्डर केला. तो मला दिसायचा, पण उघडायचा नाही. उघडला तेव्हा वाचता यायचं, लिहिता यायचं नाही. लिहिता यायला लागलं त्या आठवड्यात विंडोजनं स्वतःला सुधारून घेतलं आणि फोल्डर पुन्हा गायब झाला. या सुधारणांचा मला जितका संताप आला तितका कुणा माणसाचा आला नसेल.

फाइल पोहोचली तरी फॉन्ट पोहोचायचा नाही. वडिलांच्या काळापासूनच्या सगळ्या पत्रिका जुन्या फॉन्टात. त्या माझ्याकडे उघडल्या की गणपतीच्या श्लोकाच्या जागी कंस, टिंबं आणि इंग्रजी अक्षरांचा कचरा. माझ्याकडच्या तिकडे नेल्या की जोडाक्षरांचे पाय मोडलेले. चुलतभाऊ म्हणायचा, "ताई, कायले डोक्याले ताप करून घेतं? इकडंच बस ना." इकडंच बसायचं म्हणजे त्याच्या खुर्चीत, त्याच्या सोयीनं, त्याच्या मागच्या गाण्यांच्या आवाजात. मी मान हलवायची आणि पुन्हा माझ्या स्टुलावर जाऊन बसायची.

या सगळ्यात एक गोष्ट मला फारच छळत होती. मधूनच एखाद्या दिवशी सगळं सुरळीत चालायचं. मी 'छापा' म्हणायची आणि प्रिंटर आज्ञाधारकासारखा घरघरायला लागायचा. मी काहीही बदललेलं नसायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, सापडत नाही. पुरतंच बिघडलं असतं तर हात टेकले असते. पण हे असं मधूनच हसून बोलणं आणि मधूनच तोंड फिरवणं सोसवत नव्हतं.

हळूहळू लक्षात आलं की सोयाबीन काढायला वडील शेतात जातात, त्याच दिवशी ते चालतं. माझ्या मनात भलतंच आलं. वाटलं, वडील नसले की चुलतभावाला कुणाला दाखवायचं नसतं, म्हणून तो खोडी करत नाही. वडील असले की मुद्दाम काहीतरी काढून ठेवतो, म्हणजे मी त्यांच्यासमोर तोंडघशी पडावी. मी त्याच्यावर पाळत ठेवली. तो बिचारा आला की फोनमध्ये डोकं घालायचा, वायरीला हातसुद्धा लावायचा नाही.

प्रिंटर एकदा बंद करून पुन्हा चालू करावा, हा पहिला उपाय कुणालाही सुचेल. मलाही सुचला होता. पण बटणाकडे हात गेला की वडील ओरडायचे. "चालतं मशीन बंद करत नाई! संध्याकाळीच बंद करा लागते." जुन्या यंत्राला तो नियम होता, शाई वाळायची म्हणे. या प्रिंटरला शाई वाळायची भीती नव्हती, पण वडिलांना होती. इन्व्हर्टर घेतल्यापासून लाइट गेली तरी ते थांबायचं नाही. एकदा सकाळी लागलं की दिवेलागणीला वडील स्वतः मेन स्विच पाडायचे, तोवर त्याला कुणी शिवायचं नाही.

दसऱ्याला वडिलांनी दुकानातल्या सगळ्या हत्यारांची पूजा केली. प्रिंटरला झेंडूची माळ, कटरला कुंकू, विंडोजच्या कॉम्प्युटरला कुंकू, स्टेपलरलासुद्धा. माझा लॅपटॉप टेबलावर होता. त्याच्या बाजूनं ताम्हण गेलं, पुढं सरकलं आणि शटरच्या कुलपाला जाऊन थांबलं. मी म्हटलं, "बाबा, हे राहिलं." ते म्हणाले, "ते तुयं हाये. दुकानाचं नाई." रागानं नाही म्हणाले, अगदी साधेपणानं. म्हणूनच ते इतकं लागलं. त्या दिवशी मी लॅपटॉप पिशवीत भरला तो जरा आपटूनच.

मग जऊळका गावाहून एक माणूस आला. मळ्यात भाजी पिकवणारं घर, मोठ्या मुलीचं लग्न, तुळशीच्या लग्नानंतरचा पहिलाच मुहूर्त. पत्रिका मी केली होती आणि चांगली केली होती, हे मी आजही सांगते. त्याला फक्त पहिली पत्रिका हवी होती, कुलदैवतापुढं ठेवायला. देवाला दिल्याशिवाय माणसाला द्यायची नाही. बाकीच्या नंतर. त्याच्या गावाकडं जाणारी जीप भरत आली होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

मी 'छापा' म्हटलं. सापडत नाही.

"व्हयलं का, ताई?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, एक मिनिट. मग आणखी एक मिनिट. वडील समोर बसून बघत होते. शेवटी पेनड्राइव्ह काढला आणि चुलतभावाच्या कॉम्प्युटरला लावला. तिकडे पत्रिका उघडली ती नवरीच्या नावातलं जोडाक्षर फोडून. ते नीट करेपर्यंत हॉर्न थांबला. जीप गेली होती. माणूस पायरीवर बसून दुसऱ्या जीपची वाट बघत राहिला. वडिलांनी त्याच्यासाठी चहा मागवला. माझ्यासाठी मागवला नाही.

त्याच दुपारी चुलतभाऊ टेप घेऊन काउंटरची लांबी मोजत होता. काचेचं कपाट कुठं बसेल ते बघत होता. लपूनछपून नाही, वडिलांच्या देखत. वडील दुसरीकडे बघत होते. मला तेव्हा कळलं की मला ही जागा किती हवी आहे. पुण्याला परत जाईन म्हणून मी सगळ्यांना सांगत असायची, ते खोटं होतं.

दुसऱ्या दिवशी मी वडिलांबरोबरच दुकानात गेले. एरवी ते पहाटेचं आवरून पुढं यायचे आणि मी घरचं उरकून मागून. त्यामुळे दुकान उघडताना मी त्यांना कधी पाहिलंच नव्हतं. त्यांनी शटर अर्धं वर केलं, वाकून आत गेले, मेन लावला आणि थेट प्रिंटरचं बटण दाबलं. बाकी सगळं बंद. प्रिंटर जागा झाला. त्यांनी त्याला कुंकू लावलं, उदबत्ती ओवाळली, डोळे मिटून काही पुटपुटले. मग शटर पूर्ण वर केलं. मग झाडू मारला. मग पाणी शिंपडलं. मग कॉम्प्युटरचं बटण. आणि सगळ्यात शेवटी, जाता जाता, कोपऱ्यातल्या डबीचं.

मी स्टुलावर बसल्या बसल्या बधिर झाले. प्रिंटर जागा झाला की राऊटरकडे आपला नेटवर्कवरचा पत्ता मागतो. राऊटर झोपलेला. प्रिंटर थोडा वेळ मागतो, मग कंटाळतो आणि स्वतःच काहीतरी बनावट पत्ता घेऊन बसतो, बंद करेपर्यंत तोच. त्या पत्त्यावर त्याला मी कशी शोधणार? वडील शेतात गेले की दुकान मी उघडायची, आणि आल्या आल्या आधी फोनसाठी नेट चालू करायची. म्हणून तेव्हा चालायचं. इतके महिने मी फोल्डर, पासवर्ड, लिनक्स, विंडोज आणि एका निरपराध चुलतभावाला शिव्या घालत होते.

हे शांतपणे सांगता आलं असतं. पण मी शांत नव्हते. "बाबा, तुमच्या पूजेपायी होऊन राह्यलं हे सगळं!" मी ओरडले. "तुमच्यापायी त्या माणसाची जीप गेली!"

"माह्या पूजेपायी?"

"आधी डबी लावा, मंग मशीन. एवढंच करा लागते. एवढंच!"

त्यांनी प्रिंटरवर हात ठेवला. "आधी मशीन, मंग बाकीचं," ते हळू म्हणाले. "दुकान उघडलं तवापासून असंच हाये. मशीननं घर चालवलं. त्याच्याआधी त्या डबीले कायले हात लावू मी?" संध्याकाळीही मी इतकी चिडलेली होते की लॅपटॉप टेबलावरच टाकून तशीच घरी आले.

अंथरुणावर पडल्यावर सुचलं की प्रिंटरला एक कायमचा पत्ता देता येईल. मग त्याला राऊटरकडे मागायचं कारणच नाही. वडिलांनी हवी तेवढी पूजा करावी, हव्या त्या क्रमानं. उद्या जाऊन गुपचूप तेच करायचं, आणि आजचं बोलणं कसं मागं घ्यायचं ते नंतर बघायचं, असं ठरवून मी झोपले.

सकाळी पोहोचले तेव्हा चुलतभाऊ एका सुताराला घेऊन आला होता आणि दोघं काउंटरपाशी उभे होते. वडील झाडू मारत होते. कोपऱ्यात राऊटरचे दिवे लुकलुकत होते आणि त्याच्या काळ्या अंगावर कुंकवाचं बोट होतं, ओलं. प्रिंटरवरचं कुंकूही ताजं होतं, पण त्याच्या उदबत्तीची राख अजून जेमतेम पडायला लागली होती. त्याचा नंबर दुसरा लागला होता.

"काका, कपाट या बाजूनं बसवू का?" चुलतभावानं विचारलं.

वडिलांनी झाडू थांबवला नाही. "मले काय इचारतं? मशीन तिचं हाये. तिले इचार."

मी टेबलाकडे वळले. लॅपटॉपच्या झाकणावर कुंकू होतं, त्यावर चिकटलेल्या अक्षता. मी झाकण उघडलं तशा त्या घरंगळत कीबोर्डात गेल्या. झटकल्या, फुंकर मारली, पालथा घातला, तरी एक तांदूळ एका बटणाखाली बसला तो बसलाच. ते बटण आजही नीट दाबत नाही. दर ओळीला अडतं, चीड येते, आणि ते उघडून साफ करायचं मी अजून मनावर घेतलेलं नाही.