मूठभर चांदी

देवकी भोईर नेमकं काय काम करते, हे भिवंडीतल्या टेमघरच्या तिच्या सोसायटीत आजवर कुणालाही धड सांगता आलेलं नाही. वॉचमन तिला बँकवाली समजतो. खालच्या मजल्यावरच्या काकू तिला लिफ्टमध्ये गाठून हळूच विचारतात, "आमच्याकडे सातशे शहाऐंशी नंबरची नोट आहे, लाखभर तरी येतील ना?" वैष्णोदेवीच्या पाच रुपयांच्या नाण्याला लाखो मिळतात असा तो व्हिडिओ मोबाइलवर फिरला की हमखास तिच्या दाराची बेल वाजते. सुरुवातीला ती लोकांना बसवून समजावायची. पुढे हसण्यावारी न्यायला लागली. आता ती फक्त "ठेवा सांभाळून" म्हणते आणि दार लावून घेते.

ती मुंबईतल्या एका सरकारी संग्रहालयात प्राचीन नाण्यांची अभिरक्षक आहे. पद ऐकायला भारदस्त आहे. प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा, की बिनखिडकीची एक खोली, त्यात लोखंडी कपाटं, कपाटांच्या किल्ल्यांचा जुडगा, आणि तो जुडगा हरवला तर जिची नोकरी जाईल अशी एक बाई. नाण्यांचं दालन नूतनीकरणासाठी बंद झालं तेव्हा देवकीचे केस काळे होते. दारावर 'लवकरच सुरू होत आहे' असा फलक लावला होता. तो फलक मध्ये एकदा पुसट झाला म्हणून नव्याने रंगवला, त्याचं बिलही तिनेच मंजूर करून घेतलं. दालन मात्र बंदच राहिलं.

सकाळी भिवंडीतून निघायचं, काल्हेरच्या गोदामांकडे वळणाऱ्या ट्रेलरांच्या मागे बसमध्ये ताटकळायचं, ऑफिसात पोहोचेपर्यंत अर्धा जीव संपवायचा आणि उरलेल्या अर्ध्यात दीड हजार वर्षांपूर्वीचे राजे वाचायचे, अशी तिची सगळी हयात गेली. संध्याकाळी घरी आल्यावर ती नवऱ्याला दिवसभराचं सगळं सांगते. पंढरी आयुष्यभर लूमवर मास्टर होता, खटखटीत त्याचे कान गेले. त्याला त्यातलं काही ऐकू येत नाही, पण तो मान डोलावतो आणि चहा करून देतो. तिला तेवढं पुरतं. निदान ती तसं म्हणते.

आणि तरीही तिने ही नोकरी सोडली नाही, त्याला कारण होतं एक नाणं.

करंगळीच्या नखाएवढं, चांदीचं, झिजलेलं. कधीकाळी कुणा सराफाकडून घेतलेल्या गठ्ठ्यात ते संग्रहालयात आलं होतं. या नाण्यांची गंमत अशी असते, की ठसा मोठा आणि नाणं लहान. कडेने गोल लिहिलेलं राजाचं नाव एका नाण्यावर पुरतं कधीच उमटत नाही. अर्धं याच्यावर, उरलेलं दुसऱ्या कुठल्यातरी नाण्यावर. देवकीच्या नाण्यावर 'महाराज' एवढं स्पष्ट होतं, पुढे एक 'ज', आणि मग सगळं गुळगुळीत. कोकणावर राज्य केलेल्या माहितीतल्या कुठल्याच राजाचं नाव त्या जागी बसत नव्हतं. तरुणपणी तिने एका परिषदेत त्यावर निबंध वाचला, तेव्हा पुढच्या रांगेतले एक गृहस्थ चष्मा पुसत म्हणाले होते, "बाई, एका झिजलेल्या नाण्यावर राजा उभा राहत नाही." सभागृह हसलं. देवकीही हसली, कारण न हसून काय करणार? खोलीत परत येऊन तिने नाण्याच्या कार्डावर 'राजा: अज्ञात' असं लिहिलं. तेव्हापासून ती दुसऱ्या नाण्याची वाट बघत होती. आता निवृत्ती तोंडावर आली होती, आणि आपला राजा बिननावाचाच कपाटात राहणार, हे तिने जवळजवळ मान्य केलं होतं.

अशात एका दुपारी घरच्यांच्या ग्रुपवर धनेशने फोटो टाकला.

धनेश तिचा चुलत भाऊ. काल्हेरला भाऊबंदांची सामाईक जमीन आहे, तिथे तो गोदाम बांधत होता. खांबासाठी खड्डा खणताना जेसीबीच्या दाताला मडकं लागलं आणि फुटलं. फोटोत स्टीलच्या परातीत मातीने माखलेली चांदीची नाणी होती, आणि खाली लिहिलं होतं, 'भूमीनं दिला, गावदेवीची कृपा.' देवकीने फोटो बोटांनी मोठा केला. ढिगाच्या अगदी वर एक नाणं उताणं पडलं होतं. त्यावर 'ज' होता. 'ज'च्या पुढे दोन अक्षरं होती, करकरीत, काल ठोकल्यासारखी. दुसरं अक्षर मात्र शेजारच्या नाण्याच्या कडेखाली निम्मं झाकलं होतं आणि पुढचं तर पूर्णच. तिने फोन टेबलावर ठेवला. मग तिने धनेशला फोन लावला.

"ही नाणी कुठे आहेत, धनेश?"

"वाटली ना ताय. त्याच दिशी."

"वाटली म्हणजे?"

"म्हंजे काय? जमीन सगल्यांची, त धन बी सगल्यांचा. आनि असला धन एका घरान ठेवला तं घराला खातंय, तुला म्हाईत न्हाय क? गावदेवीच्या समोर बसून येका-येका घराला मूठ-मूठ दिली. मोजली बी न्हाय. मोजायची नसतान."

"आणि हे कधी झालं?"

धनेश जरा घुटमळला. "दिवालीच्या अगुदर."

म्हणजे महिने झाले होते. खांब भरून, वर पत्रे चढल्यावर मग धनेशने फोटो टाकला होता. पुरातत्त्ववाले आले की काम थांबतं, एवढं ज्ञान काल्हेरच्या पोराठोरांनाही असतं. आणि देवकीला कुणी कळवलं नव्हतं, कारण लग्न होऊन गेलेल्या लेकीला भाऊबंदकीच्या वाट्यात मूठ नसते. सबंध खानदानात नाणी वाचता येणारी एकच बाई, आणि तिलाच कुणी विचारलं नाही! याचा तिला फार राग आला. पण राग करत बसायला वेळ नव्हता. जमिनीत सापडलेलं धन सरकारला कळवायचं, असा इंग्रजांच्या काळापासूनचा कायदा आहे. तिने धनेशला तहसीलदारांकडे पाठवलं आणि स्वतः तलाठ्याला घेऊन घरोघर फिरायला लागली.

ते फिरणं म्हणजे नाकी नऊ आणणारं काम होतं. एकाने नाणी दुकानाच्या गल्ल्यात बरकतीला ठेवली होती. एकीने नातवाच्या कमरेच्या काळ्या दोऱ्यात ओवायला भोक पाडलं होतं. म्हाताऱ्या पुतळाबाईने तिची मूठ तांदळाच्या डब्यात पुरली होती; ती देताना ती देवकीला म्हणाली, "सरकारची चाकरी करतस म्हंजे आमची न्हाय राहलीस क?" देवकीने नाण्यांना चिकटलेले तांदूळ झटकून डब्यात परत टाकले. ज्या घरातून निघे त्या घरच्या ओट्यावर बसून ती भिंग डोळ्याला लावी, एकेक नाणं उलटंपालटं करी आणि पुडीत बांधी. सगळी माहितीतल्या राजांची निघाली. चांगली होती, पण तिचं नाणं त्यांत नव्हतं.

शेवटी राहिलं कोन गावातलं घर, तिच्या सख्ख्या भावाचं, सुभाषचं. ते तिने मुद्दामच मागे ठेवलं होतं. आपलंच घर, तिथलं कुठे जातंय, असा हिशेब. आणि खरं सांगायचं तर थोडी भीतीही होती. तिथे नसलं, तर ते कुठेच नव्हतं.

सुभाषच्या दारात मांडव पडत होता. चार दिवसांवर त्याच्या लेकीची, करिष्माची हळद होती. बापई माणसं बांबूंवर चढली होती आणि बाया ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. भावजय जागृती पाणी घेऊन आली. "ताय, उन्हाची आलीस. जेवलीस क?"

"जेवते. आधी सुभाषला बोलाव."

सुभाष आला तोच हसत. "बरा झाला आलीस. तुला दाखवाचाच व्हता." तो देव्हाऱ्यापाशी गेला आणि हळदीकुंकवाने माखलेला चांदीचा एक पत्रा दोन्ही हातांनी आणून तिच्या ओंजळीत ठेवला.

तो टाक होता. घरातलं वडीलधारं माणूस गेलं की त्याची मूर्ती चांदीच्या पत्र्यावर ठोकून घेतात आणि देव्हाऱ्यात बसवतात. घरात लग्न असलं की आधी त्या पितरांना हळद लागते, मग नवरीला. त्यांची आई गेल्याला वर्ष झालं होतं. करिष्माच्या हळदीआधी तिला देव्हाऱ्यात जागा द्यायलाच हवी होती.

"आई हाय," सुभाष म्हणाला. "कसा झालाय?"

देवकीला सगळं कळलं होतं, तरी तिने विचारलं. "चांदी कुठली, सुभाष?"

"तीच. मातीतली. मना वाटला, आईनंच पाठवली आपल्यासाठी. नायतं टाक करायचा आनि त्याच वक्ताला जमिनीतशी चांदी निघल, असा व्हतंय कधी?"

"सगळी वितळवलीस?"

"सगली. सोनार बोलला थोरी कमी परतंय, तं आईची जोडवी घातली त्यान."

देवकी मांडवाच्या खांबाला टेकून खालीच बसली. ती ओरडली नाही. ओरडायला अंगात काहीतरी लागतं. तिला एकदम त्या बिनखिडकीच्या खोलीतली सगळी वर्षं पायांत उतरल्यासारखी वाटली. राजा आला होता. तिच्या माहेरच्या जमिनीतून, तिच्या भावाच्या मुठीतून तो आला होता, आणि कोनच्या सोनाराच्या मुशीत गेला होता.

"एकदा विचारावंसं नाही वाटलं तुला? नाण्यांचंच काम करते ना रे मी?"

सुभाषचा चेहरा पडला. "विचारला ना ताय. फोन केलता तुला. टाकाला चांदी कनची आनू, बोललू. तूच बोललीस, बाजारची नको, घरात असल तिचा कर."

ती बोलली होती. वार्षिक पडताळणी चालू होती, समोर ऑडिटवाले बसले होते, खांद्याने फोन कानाशी दाबून ती नाणी मोजून देत होती. आईचा विषय होता आणि तिला फोन ठेवायचा होता. सुभाषने मातीतल्या नाण्यांबद्दल तेव्हा काही सांगितलं नव्हतं, कारण धनेशने कुणाला सांगू नका म्हणून बजावलं होतं. दोष द्यायचा तर कुणाला द्यायचा? सगळ्यांनी आपापल्या परीने नीटच केलं होतं. तिला त्याचाच जास्त वैताग आला.

"मला हे लिहावं लागेल," ती म्हणाली. "एक मूठ वितळवली, असं. खरं तेच लिहिणार मी."

"लिव." सुभाष तिच्याशेजारी बसला. टाकाकडे बघत म्हणाला, "त्ये आईला घेऊन जातील क?"

"माहीत नाही. जातीलही."

जागृतीने आतून हे ऐकलं आणि तांदळाचं सूप खाली ठेवलं. मांडवावरचा माणूस दोरी मागत होता, ती त्याला कुणी देईना.

देवकीने टाक पदराने पुसला. सवयीने भिंग काढलं. निम्म्या नाकावरून राजा ओळखणारी बाई ती. तिने आईचा चेहरा शोधला. बारीक कपाळ, रुंद नाक, हनुवटीवरचं गोंदण, यातलं काही नव्हतं. सोनाराकडे बायांसाठी एकच साचा असतो, त्यातून निघते तीच ही बाई होती, दोन डोळे, एक पदर. नाव नव्हतं. टाकावर नाव घालत नाहीत. घरच्यांना ठाऊक असतं म्हणून. सुभाषला ठाऊक होतं, करिष्माला राहील. करिष्माच्या नातवंडांना? आणि उद्या कुणी अधिकारी हा टाक उचलून नेला, तर कुठल्यातरी कपाटात, कुठल्यातरी कार्डावर, तिच्याच जागी बसलेली एखादी दमलेली बाई काय लिहील, हे देवकीला तोंडपाठ होतं. आता मात्र तिला रडू आलं. राजासाठी नव्हे. राजाचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

"दाभण आहे का गं घरात?" तिने जागृतीला विचारलं.

जागृतीने गोणी शिवायचं दाभण आणून दिलं. जुन्या चांदीला साधं नखदेखील लागू द्यायचं नाही, हे देवकीने कितीतरी नव्या मुलांना दरडावून शिकवलं होतं. तिने टाक मांडीवर पालथा घातला आणि कडेच्या सपाट जागेवर दाभणाचं टोक टेकवलं. सुभाषने न सांगता दुसरी बाजू धरली. चांदी मऊ होती, तरी 'का' वाकडा आला. 'शी'ची वेलांटी फिरवताना हात घसरला. त्या राजांच्या नाण्यांवर अमक्याचा पुत्र तमका असं लिहिलेलं असतं. तिने 'काशी'च्या खाली लहान अक्षरांत लिहिलं, 'देवकी आणि सुभाषची आई'.

सुभाषने टाक उचलून उन्हात तिरपा धरला, तिच्यासारखाच एक डोळा बारीक करून पाहिलं, आणि परत तिच्या मांडीवर ठेवला.

"अजून दाबून लिव ताय," तो म्हणाला. "झिजला तरी वाचता आला पायजेल."

देवकीने नाक पुसलं, दाभण घट्ट धरलं आणि 'का'पासून परत सुरुवात केली.