मुलं नसलेली बोट

लहान मुलांना घाबरणारा इतका शूर माणूस मी उभ्या जन्मात दुसरा पाहिला नाही. आमच्या लालबागच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून, एक अर्धी खोली होती. कुटुंबवाल्या माणसाने पाय पसरले तर ते जिन्यात आले असते, एवढीच. तिथे हे गृहस्थ एकटेच राहत. सगळी चाळ त्यांना जिन्याजवळचे काका म्हणायची, म्हणून मीही तेच म्हणतो. संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबई पेटली होती, ते दिवस. एकदा नाक्यावर अश्रुधूर सुटला तेव्हा आम्ही तरणेताठे लोक दिसेल त्या बोळात पळालो, आणि काका रस्त्याच्या मधोमध उभे राहून ओल्या रुमालाची घडी घालत होते. चारही कोपरे नीट जुळल्याशिवाय त्यांनी तो रुमाल डोळ्यांना लावला नाही. त्याच संध्याकाळी चाळीतली तीन पोरं त्यांच्याकडे पतंगासाठी खळ मागायला गेली, तर काकांनी आतून कडी घातली, दिवा मालवला आणि घरात कुणी नाही असं आतून स्वतःच सांगितलं.

काका गिरणीच्या फोल्डिंग खात्यात कापड तपासायला होते. पाळीभर समोरून कापड सरकत जायचं आणि त्यातला डाग, गाठ, तुटका धागा ते बोटाने शोधून काढायचे. वीस वर्षं हेच केल्यामुळे घरी आल्यावरही त्यांचं बोट थांबत नसे. खानावळीतल्या पोळीवरून, दुकानातल्या पंच्यावरून, एकदा तर आमच्याकडे लग्न ठरवायला आलेल्या पाहुण्याच्या कोटावरून त्यांनी बोट फिरवलं आणि बाहीत एक धागा कमी आहे असं त्याला सांगितलं. लग्न मोडलं नाही, पण पाहुणा पुन्हा कोट घालून आला नाही. अशा माणसाला पोरं म्हणजे डागच डाग. आवाजाचं तर विचारूच नका. चाळीतली पोरं तेव्हा दुसरा कुठलाच खेळ खेळत नसत, फक्त मोर्चा काढत. गॅलरीच्या एका टोकाहून घोषणा देत निघायचं आणि सचिवालयावर जाऊन धडकायचं. सचिवालय म्हणजे कुठलं, तर ज्याचं दार सदोदित बंद असतं ते, म्हणजे काकांची खोली. रात्रपाळी करून आलेला हा सरळ माणूस सकाळी डोळा लागतो न लागतो तोच सरकार म्हणून उठवला जायचा. काकांचा चळवळीला पाठिंबा होता, वर्गणीही वेळेवर देत, पण त्यांचं म्हणणं असं की, "महाराष्ट्र एक व्हावा रे, पण पोरं वेगवेगळी ठेवावीत."

अशा माणसाने ऐन मे महिन्याच्या सुट्टीत कोकणात बोटीने जायचं ठरवलं, तेव्हा मला धक्काच बसला. मी त्या वेळी गिरगावात एका छापखान्यात खिळे जुळवायला लागलो होतो. माझं गाव काकांच्या गावापुढे कोसभर, त्यामुळे मीही निघणार होतो. कारण विचारलं तर त्यांनी खिशातून पत्र काढून माझ्या हातात दिलं. ते त्यांच्या वहिनीचं होतं. थोरल्या भावाची उजवी बाजू गेली होती. वहिनीने लिहिलं होतं, "ते दिवसभर ओटीवर पडून वाटेकडे बघतात. कोणाची वाट बघता म्हणून विचारलं तर बोलत नाहीत." हे दोघे भाऊ अकरा वर्षं एकमेकांशी बोललेले नव्हते. काका असेच मे महिन्यात घरी गेले असताना दुपारी झोपले होते आणि भावाचा पाच वर्षांचा मुलगा त्यांच्या उशाशी बसून डबा बडवत होता. काकांनी डबा हिसकावला आणि त्याच्या थोबाडीत दिली. पोराचा ओठ फुटला. थोरल्याने एवढंच म्हटलं, की ज्याला पोरांचा आवाज सोसत नाही त्याने या घरात पाऊल टाकू नये. काकांनी वळकटी उचलली आणि दुसऱ्या दिवशीची बोट धरली. त्यानंतर यानेही लिहिलं नाही आणि त्यानेही नाही. आता दारात उभं राहून काय बोलायचं हे काकांना ठरवायचं होतं, आणि चाळीत ते सुचणं शक्य नव्हतं. म्हणून बोटीचा दिवस हवा होता, आणि बोटीवर पोरं नको होती.

मग तपास सुरू झाला. काका भाऊच्या धक्क्यावर गेले आणि तिकिटांच्या खिडकीत त्यांनी विचारलं की कुठल्या बोटीला मुलं सर्वांत कमी असतात. खिडकीतल्या माणसाने वर न बघता सांगितलं की तो फक्त अर्ध्या तिकिटाची मुलं मोजतो, कडेवरची मोजत नाही आणि आईच्या पदराखाली लपवलेली तर देवही मोजत नाही. एवढ्याने हार मानतील तर ते काका कसले. त्यांनी शाळांचे निकाल कधी ते विचारलं, कुठल्या गावच्या जत्रा कधी ते काढलं, आणि शेवटी अमावास्येच्या बोटीवर येऊन थांबले. अमावास्येला पोराबाळांना घेऊन कोण निघतो, असं त्यांचं गणित. गणित चोख होतं. पण काका पडले तपासनीस. कापडाचं ठाण पुढे पाठवण्याआधी एकदा हात फिरवून बघायचा, ही सवय. तेव्हा एका रविवारी त्यांनी धुतलेला सदरा घातला आणि हातात वही घेऊन ते चाळीत दारोदार गेले. जी पोरं बघून ते जिन्यातून परत फिरत, त्या पोरांच्या आयांना त्यांनी आदबीने विचारलं, "मुलांना गावाला कधी पाठवताय? मी अमावास्येच्या बोटीने जातोय."

आमच्याकडे असं वाक्य म्हणजे चौकशी नसते, सोबत असते. गावाला जाणारं माणूस दिसलं की त्याच्याबरोबर फणसाच्या करंडीपासून म्हाताऱ्या सासूपर्यंत काहीही पाठवायचं, हा गिरणगावातला रिवाज. त्यातून जाणाराच दारी येऊन दिवस सांगतो, म्हणजे तो तुमचं ओझं मागायलाच आलेला असतो. त्यात त्या आठवड्यात चाळीतले पुरुष सत्याग्रहाच्या तुकडीत जाणार होते, बायका मोर्चाला निघणार होत्या आणि पोरांचं काय करायचं हा प्रश्न सगळ्यांपुढे होता. एका बाईचे तर डोळे भरून आले. ती म्हणाली, "काका, आम्ही तुमाला उगाच तुसडे समजत होतो." काकांना वाटलं, ही आपल्या मोडलेल्या झोपेबद्दल बोलतेय. त्यांनी मान डोलवली आणि वहीत टिपून घेतलं.

संध्याकाळी संयुक्त महाराष्ट्र समितीचे आमच्या चाळीतले चिटणीस सभा घ्यायला उभे राहिले. या चिटणिसांना सभा घेतल्याशिवाय जेवण पचत नसे. चाळीत नळ गेला तरी ते आधी निषेधाचा ठराव मांडत आणि मग नळ बघायला जात. त्यांनी काकांच्या त्यागाबद्दल अभिनंदनाचा ठराव मांडला. अमावास्येची अडचणही त्यांनीच दूर केली. एरवी पंचांगाला थोतांड म्हणणाऱ्या या माणसाने पंचांग उघडून अमावास्या सकाळी साडेनवाला संपते आणि बोट दहाला सुटते, हे सभेला वाचून दाखवलं. ठराव एकमताने पास झाला. काका मागे उभे होते. त्यांनी तोंड उघडलं, पण तेवढ्यात घोषणा सुरू झाल्या, आणि त्या दिवसांत घोषणा चालू असताना नाही म्हणणारा माणूस महाराष्ट्राचा वैरी ठरायचा. खोलीवर आल्यावर ते मला म्हणाले, "नऊ आहेत रे. नऊ."

धक्क्यावर त्या सकाळी आमचा जथा पोचला तेव्हा काकांचा चेहरा बघवत नव्हता. पण गर्दीत शिरण्याआधी त्यांनी पिशवीतून गिरणीतल्या कापडाच्या पांढऱ्या पट्ट्या काढल्या. प्रत्येकीवर पोराचं नाव, गाव आणि उतरवून घेणाऱ्याचं नाव, ठाणावर मारतात तशा ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं. पट्ट्या नऊ मनगटांना बांधून झाल्यावर त्यांनी पोरं एका रांगेत उभी केली आणि प्रत्येकाला पुढून मागून तपासलं. डेकवर जागा धरायला माणसं एकमेकांच्या अंगावर वळकट्या फेकत होती, पण काकांनी रुमालाच्या घडीसारखी चादर अंथरली आणि पोरं लहानमोठी लावून बसवली. भोवती बघितलं तर सगळी बोट पोरांनी भरलेली. अमावास्या साडेनवाला संपते हे आमच्या चिटणिसांनी एकट्यानेच वाचलं नव्हतं.

खुल्या समुद्रात बोट हलायला लागली तशी आधी मला बोट लागली आणि मग एकेक करून पोरांना. मी आडवा झालो तो झालोच. काकांना नवाची दहा झाली. ते कुणाचं डोकं धरत होते, कुणाच्या नाकाशी लिंबू, कुणाचं तोंड पुसत होते, आणि मधल्या वेळात प्रश्नांना उत्तरं देत होते. बोट बुडाली तर पट्टीवरचं नाव पुसेल का. मासे झोपतात का. काका, तुमी सरकार आहात का. शेवटच्या प्रश्नाला त्यांनी नाही म्हणून सांगितलं. त्यावर त्या पोराने, मग दार का उघडत नाही, असं विचारलं. काकांनी त्याला लिंबू हुंगायला दिलं.

दुपारी वारा पडला आणि सगळी पोरं एकदम झोपली. चादरीवर नऊ जणांचे हातपाय एकमेकांत गुंतले होते. इतक्या दिवसांनी काकांना हवी ती शांतता मिळाली होती. ते माझ्या उशाशी येऊन बसले. मी म्हटलं, "आता करा विचार."

"सुचत नाही काही," ते म्हणाले. "थोरल्याने तोंड फिरवलं तर?"

मी म्हटलं, तर परत येऊ. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला माझीच लाज वाटली. परत येणं म्हणजे पुन्हा त्या अर्ध्या खोलीत येणं, आणि या वेळी गावाकडे आपलं कुणी आहे असं मनात म्हणायलाही जागा न उरणं. हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण मला कळलं. एवढ्यात चादरीवर कुणीतरी रडायला लागलं आणि ते उठून गेले.

आमच्या बंदरात बोट पोचली तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. पडावातून किनाऱ्याला लागलो. पट्ट्या वाचून काकांनी एकेक पोर ज्याच्या त्याच्या मामाच्या, आजोबांच्या हवाली केलं, आणि देताना प्रत्येकाच्या डोक्यावरून बोट फिरवलं. आठ गेली. नववी शकू, चार वर्षांची. तिचा मामा आलाच नव्हता. निरोप पोचला नसेल, उद्या येईल, असं कुणीतरी म्हणालं. शकू काकांच्या खांद्यावर झोपली होती, तोंड उघडं, लाळ त्यांच्या धुतलेल्या सदऱ्यावर. काकांनी वळकटी माझ्याकडे दिली आणि ते चालायला लागले. वाटेत दोनदा मी तिला घेतो म्हटलं. ती जागी होईल, असं म्हणून त्यांनी दिली नाही.

घराच्या अंगणात आम्ही शिरलो. ओटीवर घोंगडीवर थोरला भाऊ उशीला टेकून बसवलेला होता. सोळा वर्षांचा एक पोरगा, नुकतीच मिसरूड फुटलेला, लाकडं फोडत होता. त्याने वर बघितलं, कुऱ्हाड टाकली आणि सगळ्या वाडीला ऐकू जाईल असा ओरडला, "आई, काका आले गं, मुंबैचे काका आले."

"हळू बोल रे," काका त्याच्यावर खेकसले. "पोर आत्ताच झोपलंय."

तोंडातून शब्द गेला आणि काका जिथल्या तिथे थिजले. हाच तो मुलगा, आणि अकरा वर्षांनी दारात पाऊल टाकताच पुन्हा तेच, आवाजावरून बोलणं. वहिनी पदर सावरत दारात आल्या, त्यांनी शकूकडे बघितलं, लाळेने भिजलेल्या काकांच्या खांद्याकडे बघितलं आणि पदर तोंडाशी नेला. हसत होत्या की रडत होत्या हे मला सांगता येणार नाही. काका थोरल्याकडे बघत होते. थोरल्याचा अर्धा चेहरा हलत नव्हता, आणि उरलेल्या अर्ध्यावर काय आहे ते आम्हाला लांबून दिसत नव्हतं. मग त्याने डावा हात उचलला, आपल्या अंगाखालची घोंगडी ओढून ओढून मोकळी केली आणि बाजूला पोराला निजवण्यापुरती जागा करून दिली. काका ओटीवर चढले आणि त्यांनी शकूला तिथे ठेवलं. मग ते स्वतःही तिथेच खाली बसले. मी वळकटी पायरीवर ठेवली आणि माझ्या गावाची वाट धरली.

सुट्टी संपून मी परत निघालो तेव्हा काका पडावापर्यंत पोचवायला आले होते. स्वतः मुंबईला येणार नव्हते. थोरल्याला उचलून ओटीवर आणायला दोन माणसं लागतात, पोरगा दिवसभर बाहेर असतो, वहिनीला एकटीला झेपत नाही, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. जसं काही मी विचारलंच होतं. खोलीची किल्ली दिली, गिरणीत काय सांगायचं ते सांगितलं, माझ्या सदऱ्याच्या कॉलरवरून बोट फिरवलं आणि उसवलंय असं म्हणाले. मी पडावात चढलो. ते गुडघाभर पाण्यात उभे होते.

"मी अकरा वर्षं का नाही आलो रे," ते म्हणाले. "थोरल्याच्या शेजारी बसून रोज आठवून बघतो. पटेल असं एकही कारण सापडत नाही."

मला वाईट वाटलं. तेवढ्यात खलाशाने पडाव ढकलला.