आधी सख्खा भाऊ

काशिनाथनं जीपची किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "पास्टर, मी नेतो आत्याले. ओसरीत खाट टाकून ठेवली."

मी म्हणालो, "त्यांचा सख्खा भाऊ आहे ना गावात? आधी त्याला विचारू."

हे वाक्य मला आजही टोचतं.

बुलडाण्याजवळच्या एका जुन्या कुष्ठरोग संस्थेत मी पास्टर आहे. स्टाफ कमी, त्यामुळे रविवारी उपासना घ्यायची आणि एरवी डिस्चार्जचे कागदही बघायचे. सिंधूबाई आमच्याकडे पस्तीस वर्षं होत्या. रोग केव्हाच बरा झालेला, हाताची बोटं तेवढी झडलेली. घरून न्यायला कोणी आलं नाही म्हणून राहिल्या. त्या काही ख्रिस्ती झाल्या नाहीत, पण उपासनेला शेवटच्या बाकावर बसायच्या आणि माझं प्रवचन लांबलं की मोठ्यानं जांभई द्यायच्या. आता त्यांच्या किडन्या थकल्या होत्या. डॉक्टरांनी दोन-तीन आठवडे सांगितले. धाडजवळच्या आपल्या गावात जाऊन मरायचं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

काशिनाथ त्यांच्या चुलतभावाचा मुलगा, धाड-बुलडाणा जीप चालवणारा. आमच्या मेट्रन म्हणाल्या, रक्ताचं नातं आहे, सही चालते, जाऊ द्या. म्हणजे नियमाची आडकाठी नव्हती. आडकाठी माझीच होती.

तिचं मूळ माझ्या शिक्षणात. प्राचीन इब्री, म्हणजे यहुदी लोकांच्या कायद्यात, घरातल्या कोणाला स्वतःला गुलाम म्हणून विकावं लागलं किंवा त्याची जमीन परक्याकडे गेली, तर जवळच्या नातेवाइकानं सोडवून आणायचं असे. त्या नातेवाइकाला 'गोएल' म्हणत, म्हणजे सोडवणारा. त्यात क्रम होता. आधी भाऊ, मग चुलता, मग चुलतभाऊ. जवळच्याला जमत नसेल तर त्यानं गावच्या वेशीत वडीलधाऱ्यांसमोर तसं सांगायचं आणि पायातली वहाण काढून द्यायची. मग पुढच्याचा हक्क. हे मी पास्टर होताना शिकलो आणि पुढे कितीतरी जणांना शिकवलं. इतक्या वर्षांनी भावानंच बहिणीला हाताला धरून घरी न्यावं, त्यात तिचा मान आहे, असं माझ्या डोक्यात बसलं होतं.

एसटीनं गावी गेलो. भाऊ, नामदेवराव, सत्तरीचे. चहा दिला, बहिणीची चौकशी केली, डोळेही पुसले. नेण्याचा विषय काढला तशी मान खाली घातली.

"नाही कुठं म्हणून राह्यलो मी? नातीची सोयरीक जुळून राह्यली. पाव्हणे येऊन जाऊ द्या."

पाहुणे लांबले. मी पुन्हा गेलो, पुन्हा चहा झाला. नंतर फोन केले तर मुलगा उचलायचा आणि बाबा शेतात आहेत म्हणायचा. 'हो' म्हणत नव्हते की 'नाही' म्हणत नव्हते. त्यांनी सरळ नकार दिला असता तर मी मोकळा झालो असतो, आणि मी त्या नकाराचीच वाट पाहत बसलो.

काशिनाथ दर दोन दिवसांनी चक्कर मारत होता. सिंधूबाई पिशवी भरून बसलेल्या. भाऊ येणार आहे, असं मी त्यांना रोज सांगायचो. एकदा त्या म्हणाल्या, "दादा नाई येत, पास्टर. काशिनाथ आला ना? तो का परका हाय?"

मी म्हणालो, थोडी कळ काढा. मला माझा क्रम पाळायचा होता.

सतराव्या दिवशी सकाळी त्या गेल्या.

दुपारी नामदेवराव आले. मुलानं त्यांना धरून आणलं होतं. देह नेणार नाही, इथंच माती द्या, असं लिहिलेल्या कागदावर त्यांनी सही केली आणि पायरीवर बसून लहान मुलासारखे रडले. मला त्यांचा राग आला नाही. भित्रा माणूस होता, आणि ते मी पहिल्या चहालाच ओळखायला हवं होतं.

काशिनाथ दाराशी उभा होता. त्यानं जीपची मागची सीट काढून आणली होती.

"आता माहा नंबर लागला काय, पास्टर?"

मी मान हलवली. त्यानं सिंधूबाईंना गावी नेलं, ओसरीतल्या त्या खाटेवर थोडा वेळ ठेवलं आणि मग माती दिली. गावातली बरीच माणसं आली, असं त्यानं नंतर सांगितलं.

आम्ही उपासनेत सांगतो की सोडवण्याचा हक्क नातेवाइकाचा, म्हणून देव माणूस झाला, आमचा नातेवाईक झाला आणि स्वतःचा जीव देऊन त्यानं आम्हाला सोडवलं. आपल्याहून जवळचं कोणी आहे का, हे विचारत तो थांबला, असं मात्र कुठल्याही प्रवचनात मी ऐकलेलं नाही. दिलेलंही नाही. तो कायदा माणूस घरी पोचावा म्हणून केलेला होता, एवढं मला कळायला सतरा दिवस लागले. ते दिवस सिंधूबाईंचे होते.