पेडलवरची चकाकी

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मित्रांना नाही, डेस्कवर इतकी वर्षं शेजारी बसलेल्या सहकाऱ्यांनाही नाही. सांगायला तोंड उघडलं की मी दुसऱ्याच विषयाकडे वळतो — आणि आजही आधी तसंच होणार आहे. आधी मी गाडी धुण्याबद्दल लिहिणार आहे. तुम्हाला ते अवांतर वाटेल. ते अवांतर नाही.

गाडी मी उशिरा घेतली. साताऱ्यातल्या एका दैनिकात मजकूर तपासणं, मथळे देणं हे माझं काम. त्यात अर्धं आयुष्य गेल्यावर जुनी पांढरी गाडी दारात उभी राहिली. नवशिका जे करतो ते सगळं मी केलं. भांड्यांच्या साबणाने धुतली. जुन्या बनियनने पुसली. तीही भर उन्हात. थोड्याच दिवसांत बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे उमटले आणि काचांवर पांढरे ठिपके. मग मी वाचायला लागलो, चार जणांना विचारलं. भांड्यांचा साबण रंगावरचं मेणाचं अस्तर खातो, म्हणून गाडीचा शाम्पू वेगळा. बनियनच्या शिवणीत अडकलेली माती रंग खरवडते, म्हणून मऊ मायक्रोफायबरचं फडकं. एका बादलीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी — फडकं आधी साध्या पाण्यात पिळायचं, मगच शाम्पूत बुडवायचं. बोअरचं पाणी अंगावर वाळू द्यायचं नाही. आणि गळीत हंगामात कारखान्याची काळी राख टपावर पडली, तर ती हाताने झटकायची नाही, पाण्याने वाहून जाऊ द्यायची.

हे सगळं मी नीट शिकलो. अचूकपणाचा मला अभिमान होता — हे लक्षात ठेवा.

गाडीचं सामान विकणारा दुकानदार मोठा बोलका होता. "पयलीच गाडी न्हवं साहेब? मग घ्या की सगळंच," तो म्हणाला. "शाम्पू, वॅक्स, काचंचं, डॅशबोर्डचं, टायरचं. बायकांना बी एवढं लागत न्हाई बघा." मी हसलो आणि जवळजवळ सगळं घेतलं. शेवटची बाटली टायरला चमक आणणाऱ्या द्रवाची होती. सिलिकॉनचं पातळ तेल, गोडसर वासाचं. रबरावर एकदा फिरवलं की रबर नव्यासारखं काळंभोर दिसतं. बाटलीच्या मागे बारीक अक्षरात सूचना होती: टायरच्या फक्त बाजूंना लावावे, स्टेअरिंग आणि पेडलना लावू नये, निसरडे होतात.

मी ती वाचली होती. नजरचुकीने राहून गेली असं म्हणायची सोय मला नाही. बारीक अक्षर वाचणं हीच माझी नोकरी आहे.

आता आबांबद्दल.

आबा म्हणजे माझे सासरे, सुनंदाचे वडील. कराडच्या बाजूला त्यांचं गाव. ऊस, विहीर, दारात जीप. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. नोकरी सगळी डोंगरात अवजड गाड्या चालवण्यात गेली. बर्फावर, दरीच्या काठाने, माणसं भरून — आणि एकदाही गाडीला ओरखडा नाही. हे ते स्वतः सांगत नसत. गाव सांगायचं. कोणाची प्रसूती अडली, कोणाला रात्री दवाखान्यात न्यायचं झालं, की लोक आबांच्या दाराशी यायचे. आबा गाडी चालवणार म्हणजे माणूस पोचणार, इतकं ते साधं होतं.

त्या घरात दसऱ्याची एक रीत होती. घरात नवी गाडी आली असेल तर दसऱ्याला ती गावी आणायची, धुऊन पुसून उभी करायची. पूजेआधी आबा तिची तपासणी घेत — पलटणीतली सवय. खिशातून पांढरा रुमाल काढायचा, बोटाला गुंडाळायचा आणि कुठेही फिरवायचा. दाराच्या खाचेत, सीटच्या खाली, पेडलवर. रुमाल पांढरा राहिला तर झेंडूचा हार. मग दिवस कलताना आबा स्वतः ती गाडी चालवत शिवेपलीकडे नेत आणि सोनं घेऊन परत येत. ज्या गाडीला आबांनी शीव ओलांडून दिली तिला पुढे काही होत नाही, असं सुनंदा लहानपणापासून ऐकत आली होती.

पहिल्या दसऱ्याला माझ्या गाडीत रुमाल पेडलवर काळा झाला. सगळं घर अंगणात उभं होतं. आबांनी रुमाल माझ्यासमोर धरला.

"पावनं, बातमी बी अशीच वरनं वरनं पुसता व्हय?"

सगळे हसले. मीही हसलो. हार त्यांनी घातला, पण गाडी शिवेपार नेली नाही. "पुढच्या वर्साला बघू," म्हणाले. थट्टाच होती ती. त्यात वाईट काय होतं? काहीच नव्हतं — तरी वर्षभर ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही.

दुसऱ्या वर्षी दसऱ्याच्या सकाळी मी गावच्या अंगणात गाडी धुतली. दोन बादल्या, शाम्पू, मऊ फडकं, सगळं रीतसर. शेवटी पेडल घासली. माती निघाली, पण रबर करडंच राहिलं. जुनं रबर तसंच असतं. मी बाटली हातात घेतली. क्षणभर थांबलो — थांबलो होतो, हेही खरं. तपासणी झाली की पुसून टाकू, असं ठरवलं. मग तिन्ही पेडलना लावलं. क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर. ती बुटासारखी चकाकायला लागली. सुकल्यावर रुमालाला डाग पडणार नाही, याचीही मी काळजी घेतली. जादाचं टिपून घेतलं. कामात मी चोख होतो.

आबांनी रुमाल फिरवला. पांढरा राहिला. ते वाकून पेडलकडे बघत राहिले आणि म्हणाले, "फर्स्ट क्लास. पावनं, आता तुमी पलटणीत शोभता." अंगणातले सगळे माझ्याकडे बघत होते. सुनंदाच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते मी त्याआधी क्वचितच पाहिलं होतं.

मग पूजा झाली, जेवणं झाली, पाहुणे आले. पेडल पुसायला मला दुपारभर मोकळीक होती. मी गाडीपाशी गेलोही. शेजारचे दोघे तिथे गाडी बघत उभे होते. त्यांच्यासमोर फडकं घेऊन पेडल पुसायला बसलो तर ते विचारतील. विचारलं तर सांगावं लागेल — ती चकाकी म्हणजे तेल होतं, आणि आबांच्या रुमालाला मी फसवलं होतं. मी त्यांना गाडीचे टायर दाखवले आणि परत आत आलो.

दिवस कलला. आबांनी किल्ली मागितली. पायात सणाचे कातडी तळाचे बूट होते. मी त्या बुटांकडे पाहिलं.

तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. "आबा, थांबा, पेडल पुसतो." एवढंच. मी किल्ली दिली आणि शेजारच्या सीटवर बसलो. गाडीत तो गोडसर वास अजून होता. गल्लीत त्यांनी ब्रेक हलकाच दाबला आणि गाडी थांबली. मला वाटलं, उगाच भीती. असं वाटून घेणं किती सोपं असतं, नाही?

गावाबाहेर ओढ्याकडे उतार आहे. उतार संपतो तिथे ओढ्यावरची फरशी, म्हणजे ठेंगणा पूल, आणि फरशीपलीकडे शीव. माण तालुक्यातून एक धनगर कुटुंब दरवर्षी पाऊस सरला की त्या भागात यायचं. आबांच्या रानात त्यांची मेंढरं बसायची. बिरा त्यांच्यातला कर्ता. आबांची आणि त्याची जुनी ओळख. त्या संध्याकाळी त्याचा कळप फरशीवरून अलीकडे येत होता. आबांनी लांबूनच पाहिलं. घाई नव्हती, वेग नव्हता. त्यांनी ब्रेकवर पाय दाबला — या वेळी पुरता.

बूट सरकला. मी पाहिलं. ब्रेकवरून उजवीकडे घसरला आणि ॲक्सिलरेटरवर पडला. गाडी उसळली. आबांनी पाय उचलला, पुन्हा दाबला, पुन्हा सरकला. बिरा एका कोकराला ओढून बाजूला घेत होता.

गाडी फरशीच्या कठड्याला लागून थांबली. काही मेंढरं मेली. बिराचा गुडघा गाडी आणि कठडा यांच्यामध्ये सापडला.

माणसं धावत आली. आबा खाली उतरले, बिराचं डोकं मांडीवर घेऊन बसले. हार अजून बॉनेटवर होता. पोलिसांना फोन गेला होता. सगळे बिराभोवती होते आणि गाडीपाशी मी एकटा. डिकीत शाम्पूची बाटली होती, फडकं होतं, पाण्याचा कॅन होता.

मी पेडल धुतली.

पाण्याने, शाम्पूने, मग कोरड्या फडक्याने. अंगठ्याने दाबून पाहिलं, रबर पुन्हा करडं आणि पकड धरणारं झालं होतं. फडकं ओढ्यात सोडलं. पोलिसांनी पंचनामा केला तेव्हा पेडल दाबून पाहिली. ब्रेक उत्तम होते.

पुढची गोष्ट माझ्या धंद्यातली आहे. सुट्टीनंतर मी कामावर गेलो तेव्हा कराडच्या वार्ताहराची बातमी माझ्याच पुढ्यात आली. चार ओळी. 'चालकाचा ताबा सुटल्याने मोटार कळपात घुसली.' हे वाक्य आम्ही कायम छापतो. कोणालाही बांधील नसलेलं वाक्य आहे ते. मी ते वाचलं आणि 'चालकाचा' या शब्दाआधी एक शब्द घातला: वृद्ध.

वार्ताहराने तो लिहिला नव्हता. मी घातला. का? तो वाचला की माणूस पुढे काही विचारत नाही. कारण मिळालेलं असतं. आबांचा अंक घरपोच यायचा, हे मला माहीत होतं.

बिराने तक्रार केली नाही. कराडच्या दवाखान्यात आबा त्याच्या उशाशी बसून असत. एकदा मी दारात उभा असताना तो म्हणाला, "आवं आबा, तुमी काय मुद्दाम केलंसा व्हय? वय झालं. आता स्टेरिंग ऱ्हाऊ द्या." तो समजूत काढत होता. आबा त्या दिवशी चालत गाडीपर्यंत आले तेव्हा प्रत्येक पायरीवर उजवा पाय टेकवून, दाबून बघत होते.

बिराचा गुडघा आता वाकत नाही. कळप भाऊ राखतो.

आबांनी जीप विकली. पायाच्या नसा तपासून घेतल्या. डॉक्टरांना काही सापडलं नाही. सापडलं असतं तर बरं झालं असतं. पायात दोष नाही म्हटल्यावर ते डोक्यात दोष शोधू लागले. मोटारसायकल सुटली. मग विहिरीच्या काठाशी जाणं सुटलं. मग भरलेला कप हातात घेणं. रात्री-अपरात्री दारात येणारे लोक यायचे थांबले, आणि कोणी ते बोलून दाखवलं नाही.

त्यांनी मला एकदाच विचारलं. अंगणात आम्ही दोघेच होतो.

"पावनं, तुमी शेजारी हुता. तुमी बघिटलं आसंल. पेडलात काय बिघाड न्हवता न्हवं?"

ते माझ्याकडे बघत होते. जो माणूस बघितलं तेच लिहितो, अशी माझी त्या घरात ख्याती होती.

"नाही आबा. पेडल ठीक होतं."

"मग माझाच पाय," ते म्हणाले.

त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही.

आता आबा साताऱ्यात आमच्याकडे असतात. नजर अधू झाली आहे. रविवारी सकाळी गॅलरीत सुनंदा त्यांना पुरवणी वाचून दाखवते, काहीही न गाळता. माझं नाव दिसलं तर आधी ते. हा मजकूर येत्या रविवारी त्याच पुरवणीत छापून येतोय; तिने तो पाहिलेला नाही. यातलं कोणाचं नाव मी बदललेलं नाही. समोरासमोर सांगणं मला अजूनही जमलेलं नाही.

मथळा वाचून ती माझ्याकडे एकदा बघेल. शाम्पू आणि बादल्यांपर्यंत ती हसत वाचेल. दुकानदाराच्या बोलण्याला आबाही हसतील. रुमालाचा प्रसंग आला की म्हणतील, "व्हय, आसंच म्हनलो हुतो मी." मग ती पुढचा परिच्छेद सुरू करेल.

मी तिथेच, खुर्चीत बसलेला असेन. आबांचा उजवा पाय फरशीवर दाबलेला असेल.