अंगठा तेवढा राहिला होता

देवीवर माझा राग हाय, ते आधीच सांगून टाकते. मला लिहिता येत न्हाई, नात लिहून घ्यायलीय. ती म्हणते, आजी, देवीचा अनुभव सांगताना असं बोलू नये. का बोलू नये? ज्या हातानं तिला हळदीकुंकू वाहिलं, त्याच हाताची चार बोटं गेली.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. आमचे हे पूर्णेच्या स्टेशनात हमाली करायचे आन् मी कापसातली सरकी काढायच्या जीनमध्ये यंत्राला कापूस सारायची. खंडेनवमीला जीनच्या शेठनं यंत्राच्या पूजेला सवाष्ण म्हणून मला बसवलं. यंत्रातल्या कापूस ओढायच्या रुळाला कुंकू लावायचं म्हणून त्याच्यावरचा लोखंडी पत्रा काढला. पूजा झाल्यावर मी विचारलं, आता पत्रा बसवायचा ना? शेठ म्हणाला, यंत्रात आता देवी बसलीय, देवीचं तोंड दिवाळीपर्यंत झाकायचं न्हाई. आमी साऱ्या बायांनी हात जोडले. हीच आमची चूक. देवीचं नाव निघालं की आमी पुढचं विचारत न्हाई. पत्रा नसला की कापूस भराभर सारता येतो, हे त्या मेल्याला चांगलं ठाऊक होतं.

चौथ्या दिवशी रुळानं कापसासंगं माझा उजवा हात ओढला. अंगठा तेवढा राहिला.

दवाखान्याच्या खाटेवर पडल्या पडल्या मी देवीला लय शिव्या घातल्या. म्हटलं, तुझं तोंड उघडं ठेवायला माझा हात गेला, आता एकदा बोल तरी. दुसऱ्या दिवशी सकाळी शेठचा मुनीम कागद घेऊन आला. कागद उर्दूत. तो म्हणाला, औषधपाण्याचा हाय, अंगठा लाव म्हणजे कामावर परत घेतील. आमचे हे बिचारे घाबरलेले, तेही लाव म्हणाले. काम गेलं तर लेकरांच्या तोंडात काय घालायचं? मुनीमानं माझ्या त्या उरलेल्या अंगठ्याला शाई फासलीसुद्धा.

शेजारी खोकल्याचं औषध घ्यायला एक म्हातारे मुसलमान गृहस्थ बसले होते. ना ओळख ना पाळख. ते उठले, मुनीमाच्या हातातून कागद घेतला आन् सगळा वाचून मला समजावून सांगितला. त्यात लिहिलं होतं, पत्रा मीच काढला, शेठ नको म्हणत असताना काढला, शेठचा काही दोष न्हाई. मग ते एवढंच म्हणाले, "बेटी, अंगूठा नक्को लगा."

मुनीम त्यांच्या अंगावर धावून गेला. मी अंगठा लुगड्याला पुसला. हात ठणकत होता, पण त्या घटकेला मला रागाशिवाय काही कळत नव्हतं.

त्यांनीच तहसीलदाराला अर्ज लिहून दिला. तहसीलदार चौकशीला आला तेव्हा पत्रा शेठच्या कुलूपबंद कोठीत निघाला, आन् किल्ली त्याच्याच कमरेला. मग या बाईनं तो तिथं कसा ठेवला असेल, असं तहसीलदारानं शेठला विचारलं. त्यानंतर हरेक यंत्रावर पत्रा बसला, आन् मला डाव्या हातानं कापसातली कवडी, म्हणजे खराब पिवळा कापूस, वेचायचं काम मिळालं. ते म्हातारबाबा पुन्हा कधी दिसले न्हाईत. नाव विचारायचंही राहून गेलं.

हाताची जखम भरून आल्यावर मी देवीच्या देवळात गेले. भांडायलाच गेले होते. पण समोर उभी राहिले आन् रडूच फुटलं. बोल म्हटलं होतं, तर ती कुणाच्या तोंडून का होईना, बोलली होती. तिच्या पायाशी सारं टाकलं, माझं अडाणीपणसुद्धा. पण तिच्या नावानं दुसरा कुणी सांगायला लागला, तर त्याला विचारल्याबिगर मी आता हात जोडत न्हाई.

मग त्याच अंगठ्यानं तिला कुंकू लावलं आन् म्हटलं, आई, बोललीस, लय उपकार झाले. पण चार दिवस आधी बोलायला काय झालं होतं?