आधी चालू, मग बंद

“तिनं मोजलंय ना? मग परत काय बघायचं? तोंड उघडत नाही ती, पण काम चोख.”

चहाच्या मशीनपाशी आमचा टीम लीड पुण्याच्या सहकाऱ्याला माझ्याबद्दल सांगत होता. तो स्वतः नागपूरचा. मागे मी रिकामा कप घेऊन उभी होते. मला मराठी येते, हे दीड वर्षात मी त्यांना सांगितलं नव्हतं. आमचं घर इथेच मल्लेश्वरमला, मूळ बेळगावकडचं. आमच्या मराठीत अर्धी कानडी. ती त्यांच्यापुढे काढायला नको वाटायची. ऑफिसात हिंदी-इंग्रजीवर भागत होतं.

“चारच्या कॉलला सांगून टाकू, चेकसम बंद करा म्हणून. लॅबवाले स्लो-स्लो करून डोकं खातायत.”

“आणि डेटा खराब झाला तर?”

“डिस्क नवीन आहे रे. तुझ्यासारखी नाही.”

दोघं हसले. मी चहा न घेताच जागेवर आले.

एका पॅथॉलॉजी लॅबचा डेटाबेस होता, रक्ताच्या रिपोर्टांचा. डेटाबेस माहिती छोट्या छोट्या पानांत ठेवतो. चेकसम चालू असला की प्रत्येक पानावर त्यातल्या मजकुरावरून काढलेला एक आकडा लिहिला जातो, आणि पान वाचताना तो पुन्हा काढून जुळवला जातो. डिस्कनं गुपचूप एखादा अंक बदलला तर तिथेच कळतं. चेकसम नसेल तर कुणाची तरी साखर चुकीची छापली जाते आणि औषध त्यावर ठरतं. या जुळवाजुळवीनं काम किती मंदावतं, एवढंच मला मोजायचं होतं.

तीन आठवडे तेच. सकाळी सर्जापूर रोडच्या गर्दीतून यायचं, चाचणी लावायची, पट्टी सरकताना बघत बसायचं, आकडा उतरवायचा, पुन्हा लावायची. शेवटी शेवटी स्क्रीनकडे बघितलं तरी डोळे चुरचुरत. फरक दोन आकडी टक्क्यांत आला, रोज जवळपास तेवढाच. रोज तेवढाच येतोय म्हणून मी त्याच्यावर विश्वास ठेवला आणि रिपोर्ट देऊन टाकला.

कॉलच्या दिवशी सकाळी मात्र सगळ्या चाचण्यांच्या वेळा एका तक्त्यात लावताना दिसलं: रोज आधी चेकसम चालू, मग बंद. पहिल्या दिवशी वहीत तसं लिहिलं होतं आणि मी ते कधी बदललंच नाही. रात्री मशीन बंद व्हायचं, म्हणून सकाळच्या पहिल्या चाचणीला ते सगळं डिस्कवरून शोधून आणायचं. दुसरीच्या वेळी तीच पानं मेमरीत तयार असायची. मी मध्ये मशीनची मेमरी एकदाही रिकामी केली नव्हती.

जेवायला न जाता मी क्रम उलटा केला. आता चेकसम बंद असतानाच काम हळू झालं. मग प्रत्येक वेळी मशीन नव्यानं सुरू करून मोजलं. फरक जेमतेम दिसण्याइतका उरला.

ईमेल लिहिला, पुसला. पुन्हा लिहिला. कॉलच्या आधी लीड तो उघडणार नाही, हे मला माहीत होतं. इतकी दमले होते की वाटलं, जाऊ दे. ‘काम चोख’ एवढं एकच तर माझ्याबद्दल कुणी म्हणत होतं.

चारला पाच मिनिटं असताना लीड लॅपटॉप उचलून माझ्यापाशी थांबला. “चलो. तुम्हें कुछ बोलना नहीं है, बस बैठना.” मीटिंग रूमच्या दारात तो पुण्याच्या सहकाऱ्याला मराठीत म्हणाला, “आकडा मीच सांगतो, ही घाबरेल.”

मी दाराची मूठ धरली.

“थांबा जरा,” मी मराठीत म्हणाले. “तो आकडा सांगू नका. मी दर वेळी आधी चालू, मग बंद, असंच मोजलं. पहिल्या फेरीचा सगळा उशीर चेकसमच्या नावावर गेला. चूक माझी आहे. त्यांना सांगा, चेकसम चालूच राहू द्या.”